भूक त्याची, दया आपली

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीकडे लेस्टरला गेलो, तेव्हा तिच्या घरी एक नवा पाहुणा आला होता. हातभर लांबीचा, केशरी अंगाचा कॉर्न स्नेक. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी. इंग्लंडमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकत नाहीत, म्हणून चौदा वर्षांच्या भाच्यासाठी तो बहिणीनेच विकत घेतला होता. अम्मी फोनवर 'तौबा तौबा' म्हणून गप्प झाली.

दुकानदाराने सांगितलं होतं, आठवडाभर त्याला हात लावू नका, घराला रुळू द्या. मग गोठवलेला उंदीर द्या. बहिणीने बजावलं, "माझ्या मटणाजवळ उंदीर ठेवायचा नाही." मग वेगळा छोटा फ्रीजर आला. आठवडा सरला आणि भाच्यानेच माघार घेतली. "मामू, मला उंदीर बघवत नाही. त्याला चिकनचे तुकडे देऊ या का?"

मुलगा हळवा आहे, याचं मला कौतुक वाटलं. पण ही दया आपल्यासाठी आहे, सापासाठी नाही. त्याला अख्खं सावज लागतं. हाडं, काळीज, आतडी सगळं त्यात आलं. नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर त्याचं पोषण होत नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पिताना मीही लहानपणी पाहिलाय, नाणंही टाकलंय. साप दूध पचवू शकत नाही, तहानेने कासावीस झालेला नाग समोर येईल ते पितो, हे फार उशिरा कळलं. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटायचं, आपण त्याला खाऊ घातलं.

शेवटी चिमटा मी हातात घेतला. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवला, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून ऊबदार केला. जिवंत उंदीर देत नाहीत, कारण बंद पेटीत घाबरलेला उंदीर सापाला चावून जखमी करू शकतो. आणि त्या उंदराचे हालही होतात. खोलीतला दिवा मंद केला. सापाने जीभ दोनतीनदा बाहेर काढली आणि क्षणात झडप घातली. मेलेल्या उंदरालाही त्याने वेटोळं घातलं, मग डोक्याकडून हळूहळू गिळला. भाचा सुरुवातीला पाठ करून उभा होता. शेवटी शेवटी वळून बघू लागला.

एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, स्वतःचं शोधून खायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून तिला शिक्षा झाली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मला ती त्या रात्री नव्याने कळली. कोंडलेल्या जीवाची भूक कोंडणाऱ्याच्या मानेवर असते. फ्रीजरमधला उंदीर सोसवत नसेल, तर साप पाळू नये. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हे वाचून कुणी बांधावरची धामण घरी आणू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. तिची भूक शेतातले उंदीर भागवतात, तिला आपली गरज नाही.

पुढच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. चिमटा भाच्याने धरला होता. हात थरथरत होता म्हणे, पण धरला.