अर्धवट सामना आणि पैजेचा हिशेब

लंडनमध्ये ३ नोव्हेंबर १९९७ रोजी वेस्ट हॅम आणि क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल संघांची २-२ अशी बरोबरी होते न होते तोच मैदानावरचे सारे दिवे विझले आणि सामना सोडून द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात विम्बल्डन आणि आर्सेनल यांच्या सामन्यात उत्तरार्धाला जेमतेम सुरुवात झाली असताना पुन्हा अंधार पडला. जुनाट तारांचा दोष, असे कोणालाही वाटावे. पण फेब्रुवारी १९९९ मध्ये चार्ल्टनच्या मैदानावरील एका रखवालदाराला लाच देऊन दिव्यांच्या यंत्रणेत बिघाड घडविण्याचा बेत पोलिसांनी हाणून पाडला, तेव्हा मलेशियातील सट्टेबाजांची टोळी उघडकीस आली. संबंधितांना त्याच वर्षी तुरुंगवास घडला.

दिवे घालविण्यात कोणाचे हित होते? उत्तर विजेच्या तारांत नसून पैजेच्या हिशेबात आहे. ब्रिटनमधील पेढ्यांचा सर्वसाधारण प्रघात असा, की नव्वद मिनिटांचा खेळ पुरा झाला नाही तर निकालावरील पैज रद्द होऊन लावलेली रक्कम परत मिळते. पहिला गोल कोणाचा, यासारखी आधीच निकालात निघालेली पैज तेवढी कायम राहते. पूर्वेकडील सट्टेबाजारात मात्र त्या काळी उत्तरार्धात थांबलेल्या सामन्याची त्या क्षणाची गोलसंख्या हाच निकाल मानला जाई. हिशेब झटपट मिटविणारा हा नियम वरवर व्यवहार्य दिसतो. प्रत्यक्षात त्याने दिव्याच्या बटणाला किंमत आणली. गोलफलक मनासारखा दिसताच बटण दाबावे आणि पैसे मोजून घ्यावेत!

रक्कम परत करण्याच्या पद्धतीवरही आक्षेप घेता येतो, आणि तो पोकळ नाही. २८ जानेवारी १९६१ रोजी ल्यूटनविरुद्ध मँचेस्टर सिटी ६-२ अशी पुढे होती. सहाही गोल एकट्या डेनिस लॉचे. पाण्याने भरलेल्या मैदानामुळे ६९व्या मिनिटाला सामना थांबला, आणि फेरसामना ल्यूटनने ३-१ असा जिंकला. अशा वेळी सिटीवर भिस्त ठेवणाऱ्याला या पद्धतीने मुद्दल काय ते मिळणार. शिवाय हरत आलेल्याला, आणि मोठे देणे अंगावर आलेल्या पेढीलाही, सामना मोडलेला हवाच असतो. तथापि तिथे लोभाला मर्यादा आहे. पैज लावणाऱ्याला फार तर स्वतःचेच पैसे परत मिळतात. पेढीवर परवान्याचा अंकुश असतो.

१६ डिसेंबर २०२३ रोजी बोर्नमथच्या मैदानावर ५९व्या मिनिटाला ल्यूटनचा कर्णधार टॉम लॉकियर हृदयक्रिया थांबून कोसळला. गोलसंख्या १-१ होती. सुदैवाने तो बचावला. सामना पुढील मार्चमध्ये पहिल्या मिनिटापासून नव्याने खेळविला गेला आणि बोर्नमथने तो ४-३ असा जिंकला. पूर्वेकडील तो जुना नियम येथे लागू असता, तर खेळाडू निपचित पडलेला असतानाच बरोबरीवर पैज लावणाऱ्यांची जीत पक्की झाली असती.