खिशांतील खर्डा

विद्यार्थ्यांच्या खिशांत काय काय असतें हें पाहण्याचा प्रसंग शिक्षकांवर वारंवार येतो. चिंचोके, काजूच्या बिया, तुटलेलें बटण, एसटीचीं जुनीं तिकिटें, एकदां तर कुर्लीचा डेंगा! सर्व कांहीं सांपडतें. सांपडत नाहीं तो कोरा कागद व चार बोटें पेन्सिल. आमच्या मतें हीं दोन्ही प्रत्येक मुलामुलीजवळ सदैव असावींत.

प्रथम आपला दोष सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं वालावलीचा एक विद्यार्थी मधल्या सुटींत आम्हांस भेटला. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठीं त्यास एक दाखला हवा होता. "उद्यां देतों," असें आम्ही मनापासून बोललों. घंटा झाली, पुढचा तास, मग सभा, मग पाऊस. आठवण झाली ती चौथ्या दिवशीं. मुदत तिसऱ्या दिवशींच संपली होती. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्याचे वडील होडीवर जाणारे, ते उलट आमचीच समजूत घालून गेले, "असांदे गुरुजी, फुडल्या वर्साक बगूया." आपली स्मरणशक्ति चांगली आहे हा आमचा गर्व त्या दिवशीं गेला.

वडील मंडळी म्हणतील कीं, लिहून ठेवण्याच्या संवयीनें आठवण मंद होते. कविता व पाढे मुखोद्गत असावे हें आम्हांसहि मान्य आहे. पण कुडाळच्या बाजारांतून आणावयाचें औषध, परत करावयाचें पुस्तक, कोणास दिलेला शब्द, या गोष्टी पाठांतराच्या नव्हेत. त्या विसरल्या असतां नुकसान बहुधा दुसऱ्याचें होतें.

ही युक्ति परदेशांतून आणावयास नको. आपल्याकडील जुना दुकानदार व्यवहार होतांच तो कच्च्या खर्ड्यावर टिपी. दिवेलागणीनंतर खर्डा पुढें घेऊन रोजकीर्द लिही, आणि कीर्दीवरून खतावणींत ज्याचें त्याचें खातें भरी. खर्डा कितीहि वेडावांकडा असला तरी चाले. तो संध्याकाळीं वाचला गेला पाहिजे, हा दंडक होता. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिननें तेरा सद्गुणांची लहानशी वही करून प्रत्येक चुकीबद्दल तींत काळा ठिपका देण्याचा क्रम ठेविला. जुने ठिपके खरडून कागदास भोंकें पडूं लागलीं, तेव्हां त्यानें हस्तिदंती पानें घेतलीं व ओल्या स्पंजानें तीं पुसून पुन्हा वापरलीं. त्याच देशांत 2004 सालीं मर्लिन मॅन या लेखकानें खिशांतलें विजेचें यंत्र सोडून कोऱ्या कार्डांची चळत चिमट्यांत अडकवून बाळगण्याचा पुरस्कार केला, आणि पुष्कळांनीं तें अनुकरिलें.

खर्ड्यास खर्च नाहीं. जुन्या प्रश्नपत्रिकेची कोरी बाजू वर ठेवून कागदाच्या आठ सारख्या चौकटी पाडाव्या. आडव्या मधल्या घडीवर फक्त मधल्या दोन चौकटींपुरती चीर द्यावी, कागद लांबींत दुमडावा व दोन्ही टोकें एकमेकांकडे लोटावीं; टांका व डिंक यांवांचून आठ पृष्ठांची चोपडी तयार होते. सात पृष्ठें सात दिवसांचीं, आठवें उसनवारीचें. लिहावें मात्र पेन्सिलीनेंच, कारण आमच्या पावसांत शाईचें काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे.

कामांखेरीज आणखीहि लिहितां येईल. वालावलीच्या मुलांस कर्लीची खाडी घराजवळ आहे. तिथीस पाऊणानें गुणिलें कीं भरतीची वेळ निघते, अष्टमीस सहा वाजतां, हा ठोकळा हिशेब किनाऱ्यावर पुष्कळांस येतो. मुंबईच्या बाजूस तो बराच जुळतो. पण ठिकाणाठिकाणीं फरक पडतो, आणि खाडींत आंतवर पाणी चढण्यास आणखी वेळ लागतो. किती? एखाद्या मुलानें पाणी ठराविक दगडास केव्हां लागतें तें महिनाभर टिपलें, तर भरती रोज सुमारें 50 मिनिटांनीं मागें पडते हें त्यास कोणी न सांगतां कळेल, आणि आपल्या घराचा हिशेब ठोकळ्याहून किती निराळा तेंहि कळेल. हें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नाहीं.

मोबाइल असतां कागद कशास, असें विचारणाऱ्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, एक ओळ लिहिण्यास तो उघडणारा मुलगा अर्ध्या तासानें वर पाहतो, आणि ती ओळ लिहावयाची राहिलेलीच असते. मोठ्यांचेंहि याहून फारसें निराळें नाहीं.

आईबापांस एक विनंति. मुलाचा खर्डा त्यास विचारल्याशिवाय वाचूं नये. चोरून वाचला गेला कीं दुसऱ्या दिवशीं त्यांत खोटें लिहिलें जातें. आणि आपणहि एक बाळगावा. "रविवारीं नेतों" असें मुलास सांगितलें तर तेंहि त्यांत मांडावें. मुलें असल्या गोष्टी कागदावांचूनच लक्षांत ठेवितात.

आमच्या आजच्या पृष्ठावर तीन ओळी आहेत. हा लेख देणें ही पहिली. दुसरीं इयत्ता नववींतील एका मुलीच्या दाखल्याची असून तीवर अद्याप रेघ ओढलेली नाहीं. कचेरी बंद होण्यास वीस मिनिटें आहेत, तेव्हां आम्ही उठतों.