रायटर नको, एडिटर द्या!

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. त्यात मी हे सगळं कानाने लिहितेय. वेलांटी पहिली की दुसरी, हे माझ्या लॅपटॉपचा रोबोटछाप आवाज काही धड सांगत नाही!

मला दिसत नाही. हॉस्टेलच्या मुलींना हे माहीत आहे, आणि मेसमध्ये मी त्यांच्याआधी पोचते हेही माहीत आहे. तरी "अगं, तू प्रोग्रामिंग करतेस कसं?" हा प्रश्न दर सेमला येतोच. उत्तर सोपं आहे. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर मला स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतो. मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केला. तो फुकट आहे, आणि पेनड्राइव्हवरूनही चालतो.

मग एडिटर कुठला? तुम्ही थीम बघता, मी तीन गोष्टी बघते. एक, स्क्रीनवरची ओळ मला ऐकू येते का? दोन, माऊसला हात न लावता सगळं करता येतं का? तीन, एरर आली की थेट त्या ओळीवर जाता येतं का? व्हीएस कोड या तिन्हींत पास. एफ८ दाबलं की पुढची एरर समोर हजर. पायथॉनच्या ओळी किती आत सरकल्यात तेही एनव्हीडीए बोलून किंवा 'टूं' वाजवून सांगतो. अगदी साधं नोटपॅड आणि जीसीसी असलं तरी माझं भागतं.

पण आपल्या लॅबमध्ये काय? टर्बो सी! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं हे सॉफ्टवेअर आता डॉसबॉक्समध्ये चालवावं लागतं. तिथली अक्षरं स्क्रीन रीडरच्या दृष्टीने नुसतं चित्र. एनव्हीडीए गप्प, म्हणजे मीही गप्प.

एफ.ई.च्या प्रॅक्टिकलला यावर तोडगा निघाला: "तू रायटर घे." रायटर बिचारा कॉमर्सचा. मी म्हटलं 'कर्ली ब्रॅकेट', त्याने टाकला साधा कंस. एररवर एरर. शेवटी कोणीतरी येऊन प्रोग्राम "जरा नीट" केला. मी पास झाले. पण तो प्रोग्राम माझा होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. मार्क कमी पडले असते तर एवढं वाईट वाटलं नसतं.

सर म्हणतात, सगळ्यांना एकच नियम हवा. बरोबर आहे, सर. पण परीक्षा सी भाषेची आहे की टर्बोची? नियम प्रोग्रामला लावा ना! आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. टर्बोसाठी लिहिलेली ती कॉनिओवाली प्रॅक्टिकल्स लिनक्सवर जीसीसीला टाकून बघा, कंपाइलसुद्धा होत नाहीत. डोळे असलेल्यांनाही हे पुढे पुन्हा शिकावंच लागतं. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करा असंच सांगतो. म्हणजे मी मेहेरबानी मागत नाहीये.

पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. ते आयआयटी मुंबईत शिकले, आणि १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सपीक आणलं, म्हणजे ईमॅक्स एडिटरला बोलतं केलं. त्यांनी आपलं टूल स्वतः बनवलं. मी तर फक्त निवडू द्या म्हणतेय!

मागणी छोटीशी आहे. लॅबच्या दोन पीसींवर एनव्हीडीए आणि हेडफोन. यूएसबी पोर्ट बंद असल्यामुळे माझा पेनड्राइव्ह तिथे चालत नाही. आणि लॅब मॅन्युअलमध्ये 'टर्बो सी'च्या जागी 'कोणताही सी कंपायलर' एवढे तीन शब्द. खर्च जवळजवळ शून्य.

माझं एफ.ई. होऊन गेलं. पण पुढच्या वर्षी माझ्यासारखं कोणी आलं, तर त्याचा प्रोग्राम त्यालाच चुकवू द्या, आणि त्यालाच दुरुस्त करू द्या. बघा, पटतंय का!