सोफ्यापेक्षा फरशी घातक

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावात लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. दोन महिन्यांचं पिल्लू घरात येतं आणि बघता बघता सोफ्यावर स्वतःची जागा पटकावतं. मग घरात दोन पक्ष पडतात. आजीचा राग सोफ्याला चिकटलेल्या केसांवर असतो, तर मोबाइलवर व्हिडिओ पाहून शहाणा झालेला नातू बजावतो की उड्या मारू दिल्या तर त्याचे खुबे कायमचे जातील. आजीची तक्रार रास्त आहे. नातवाचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

खरं अर्धं आधी. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो आणि हाड तिथूनच लांब होतं. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हा पट्टा हाडापेक्षाच काय, भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षाही कच्चा असतो. त्यामुळे जिथे मोठ्या कुत्र्याचा पाय नुसता मुरगळेल, तिथे पिल्लाचा पट्टाच दुखावतो. लहान जातींत तो साधारण ६ ते ८ महिन्यांत बुजतो, लॅब्रॅडॉरसारख्यांना वर्षभर लागतं आणि ग्रेट डेनसारख्या थोराड जातींना दीड वर्षही. मध्येच इजा होऊन एका बाजूची वाढ थांबली की पाय वाकडा वाढतो. सोफ्यावरून किंवा कुणाच्या कडेवरून उडी घेतलेल्या तीन-चार महिन्यांच्या पिल्लाचं कोपराजवळचं हाड मोडणं, हा तर पशुवैद्यकांच्या नेहमीच्या पाहण्यातला प्रकार. चढताना सहसा काही होत नाही. उतरताना सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो, तिथे घात होतो.

खुब्याचा आजार, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, ही मात्र वेगळी गोष्ट. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही, सैल सांधा झिजत जातो. कुत्रं उठताना कण्हतं, पळताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलतं. याचं मूळ प्रामुख्याने आईबापांत असतं, सोफ्यात नव्हे. वाढीच्या काळातली परिस्थिती त्यात भर घालते किंवा त्याला आवर घालते. नॉर्वेतल्या संशोधकांनी चार मोठ्या जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा जन्मापासून माग ठेवला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांत धोका जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत आणि शेतावर जन्मलेल्यांत तो कमी होता.

म्हणजे मळ्यातल्या काळ्या मातीत लोळणारं पिल्लू बंगल्यातल्या पिल्लापेक्षा भाग्यवान म्हणायचं. अर्थात कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्याच्या कडेला ते रात्रीही बाहेर ठेवा, असं कोणी सांगणार नाही. बिबट्याला कुत्रं किती आवडतं, हे अकोल्याच्या ऊसपट्ट्यातल्या अभ्यासाने दाखवलं आहे. तिथल्या बिबट्यांच्या आहारात सर्वात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला. (हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे.) पिल्लू रात्री घरात हवंच. प्रश्न घरातल्या जमिनीचा आहे.

दुपारी लादी पुसलेली असते, स्वयंपाकघरात भाकरीचा डबा वाजतो आणि पिल्लू सुसाट निघतं. चकचकीत विट्रिफाइड फरशीवर वळताना मागचे पाय दोन दिशांना फाकतात, ते पोटावर आपटतं आणि घरचे हसतात. दिवसातून वीस वेळा हे घडतं आणि कोणी त्याचा व्हिडिओ काढून पाठवण्यापलीकडे विचार करत नाही. शहाबादी फरशी खडबडीत होती, शेणाने सारवलेली जमीन त्याहून बरी. नव्या घरात दोन-चार गोणपाटं किंवा जुनी सतरंजी त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर टाकली तरी पुष्कळ काम भागतं. जिन्याला आडवी फळी लावावी. सोफ्यासमोर घडी घातलेली गोधडी ठेवावी आणि वर्षाचं होईतो उतरवताना ढुंगणाखाली हात देऊन उतरवावं.

‘वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं चालवायचं’ हा जो नियम सगळीकडे फिरतो, त्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. पिल्लू स्वतःच्या मर्जीने खेळतं, दमलं की बसतं. दुचाकीला दोरी बांधून डांबरी रस्त्यावर पळवलेल्या पिल्लाला ती मुभा नसते. हा ‘व्यायाम’ सोफ्यावरच्या उडीपेक्षा कितीतरी वाईट, आणि तो करवणारे स्वतःला हौशी समजतात.

तीच हौस ताटात उतरते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून जन्मभर चाललेल्या प्रयोगात जोडीतल्या एकाला पाव हिस्सा कमी खाऊ घातलं. २००२ मध्ये निकाल आला: कमी खाणारी ११.२ ऐवजी १३ वर्षं जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखावले. आपल्याकडे गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू. वरून कॅल्शियमचं सिरप. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, आणि त्याने सांध्याची कूर्चाच बिघडते, हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेनवर चाळीसेक वर्षांपूर्वीच दिसलं होतं. उलट नुसत्या भात-मटणावर वाढवलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात. सिरप हवं की नको, हे पशुवैद्यकाने ठरवावं, औषध दुकानदाराने नव्हे.

खरी निवड त्याहीआधी, विकत घेताना होते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. व्यवहार मात्र फोनवर फोटो पाहून होतो, ‘डबल बोन’ म्हणून चार हजार जास्त मोजले जातात. डबल बोन नावाचं काही शरीरशास्त्रात नाही. ते नुसतं जाड पिल्लू असतं. त्यापेक्षा आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे मागावा. तो बहुधा मिळणार नाही. मग निदान आई बघायला मागावी, ती बसलेली असताना तिला हाक मारावी आणि उठताना मागचे पाय कसे टेकवते ते पाहावं. विक्रेता आईच दाखवत नसेल, तर पैसे खिशातच ठेवून परत फिरावं.