इस्त्रीच्या पट्टीवरचं गणित



घरातली इस्त्री कधी नीट निरखून पाहिली आहे का? (बंद आणि गार असताना हं!) तिच्यावर कुठेतरी एक छोटी पट्टी असते. '२३० व्होल्ट, १००० वॉट' असं काहीतरी त्यावर लिहिलेलं असतं. आपण ते वाचतच नाही. पण या दोन आकड्यांत इस्त्रीची सगळी कुंडली आहे, आणि ती मांडायला गुणाकार-भागाकार आला की पुरे.

आधी चार शब्दांशी ओळख करून घेऊ. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर जास्त. विजेच्या अशा जोराला म्हणतात विभवांतर. ते व्होल्टमध्ये मोजतात. नळातून पाणी वाहतं तशी तारेतून वाहते ती विद्युतधारा. ती मोजायची अँपिअरमध्ये. पाइप अरुंद असला की पाणी अडतं, तसा विजेच्या वाटेतला अडथळा म्हणजे रोध. तो ओहममध्ये. आणि दर सेकंदाला वीज किती काम करते, ती शक्ती. ती वॉटमध्ये.

ओहम हे एका शिक्षकाचं नाव आहे बरं का! जर्मनीतल्या कोलोन शहरात गेओर्ग ओहम हे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. वडील कुलपं बनवणारे कारागीर. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून ओहम यांनी धारा मोजली आणि १८२७ साली आपला नियम पुस्तकात मांडला. सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिलं.

आता सूत्रं पाहा. दोनच आहेत :

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती = व्होल्ट × अँपिअर

टॉर्चपासून सुरुवात करू. दोन सेल मिळून ३ व्होल्ट. छोट्या बल्बमधून ०.३ अँपिअर धारा वाहते असं धरा. रोध झाला ३ ÷ ०.३ = १० ओहम. शक्ती झाली ३ × ०.३ = ०.९ वॉट. सोपं आहे ना?

आता इस्त्री. इथे वॉट आणि व्होल्ट माहीत आहेत, म्हणून धारा काढू. १००० ÷ २३० = सुमारे ४.३५ अँपिअर. मग रोध २३० ÷ ४.३५ = सुमारे ५३ ओहम. तारेचा जुना १०० वॉटचा बल्ब घेतला तर धारा ०.४३५ अँपिअर आणि रोध ५२९ ओहम, म्हणजे इस्त्रीच्या दहापट! वर्गात विचारलं तर बहुतेक मुलं उलटंच सांगतात. 'बाई, इस्त्री जास्त तापते, म्हणजे तिचाच रोध जास्त!' पण घरातले व्होल्ट सगळ्यांना सारखेच मिळतात. ज्याचा अडथळा कमी, त्याच्यातून धारा जास्त, आणि म्हणून त्याची शक्तीही जास्त.

हे गणित परीक्षेपुरतं नाही. घरातल्या लहान सॉकेटवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं, जुन्यावर ५. मोठ्यावर १६ किंवा १५. आता पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड घ्या. १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर. म्हणजे एकटा रॉडसुद्धा लहान सॉकेटला झेपत नाही. त्याला मोठंच सॉकेट हवं.

थंडीच्या सकाळी ६ अँपिअरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर रॉड आणि इस्त्री दोन्ही लावली तर? १५०० + १००० = २५०० वॉट. धारा जवळजवळ ११ अँपिअर! नुसत्या इस्त्रीच्या अडीचपट. आणि तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.५ × २.५ = ६.२५. म्हणजे बोर्डाची तार सव्वासहापट तापणार. आधी प्लग गरम लागतो, मग जळका वास येतो, प्लास्टिक वितळतं. पुष्कळ आगी अशाच लागतात. फ्यूज उडतो तो याच संकटातून वाचवायला. 'सारखा उडतो' म्हणून त्यात जाड तार घालणं म्हणजे राखणदारालाच झोपवणं!

तेव्हा या रविवारी आईबाबांना सोबत घ्या आणि घरातल्या सगळ्या उपकरणांच्या पट्ट्या वाचा. वहीत तीन रकाने आखा : उपकरण, वॉट, अँपिअर. कोणतं उपकरण कोणत्या सॉकेटला लावलंय, तेही ताडून पाहा. चुकीच्या जागी असेल तर मोठ्यांना सांगा. मात्र हा प्रयोग पेन्सिलीनेच करायचा. सॉकेटमध्ये तारा घालून काहीही मोजायचं नाही. आणि रॉडचं पाणी तापलं का हे पाहायला बोट बुडवण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचाच!

डोकं चालवा : आपल्या इस्त्रीला २३० ऐवजी निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच मिळाले, तर तिची शक्तीही निम्मी होईल का? (रोध ५३ ओहमच धरा.) आधी स्वतः सोडवा, मगच खाली पाहा.

उत्तर : नाही, पाव होईल! धारा ११५ ÷ ५३ = २.१७ अँपिअर. शक्ती ११५ × २.१७ = सुमारे २५० वॉट. व्होल्ट निम्मे झाले की धाराही निम्मी होते, म्हणून गुणाकार पाववर येतो. व्होल्टेज कमी असताना शर्टाच्या सुरकुत्या का हटत नाहीत, ते आता कळलं ना?