गायरान राहिले तर बाजार राहील

बकरी ईद जवळ आली की आपले व्यापारी बांधव जत-आटपाडीच्या बाजारांत आणि माण-खटावच्या वस्त्यांवर फिरू लागतात. जनावराचे दात पाहतात, वजनाचा अंदाज घेतात, सौदा करतात. ते जनावर कोठे चरून वाढले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

सातारा-सांगलीचा हा पूर्व पट्टा कमी पावसाचा. येथे दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर घर चालत नाही. ज्वारी-बाजरी खाण्यापुरती, रोख पैसा येतो तो शेळ्यामेंढ्यांतून. जत तालुक्यातील माडग्याळने तर मेंढीच्या एका जातीला आपले नाव दिले. हे कळप वाढतात गायरानात, माळावर आणि वनाच्या कडेला. म्हणजे आपल्या खाटकाचे, चामड्याच्या व्यापाऱ्याचे भांडवलही तेथेच चरते.

चारा संपला की बाजारात माल वाढतो, भाव उतरतो. आपण खूश होतो. पण त्या वेळी विकली जाते ती मादी, पुढच्या वर्षाचे बियाणे! आजचा स्वस्त सौदा म्हणजे उद्याचा रिकामा बाजार, हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी दिला. त्याच वर्षी 12 जुलैला राज्य शासनानेही गायरानाबाबत निर्बंध घालणारा निर्णय काढला. पुढे सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण आले, आणि अनेक गावांत गायरानेच पुढे करण्यात आली. शेतीला दिवसा वीज मिळावी, हे आम्हांसही मान्य आहे. पण चराईची जमीन देताना कळपांनी जावे कोठे, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

यात व्यापाऱ्याने काय करायचे? गावात राहणाऱ्यांनी ग्रामसभेला जावे आणि धनगर बांधवांच्या बाजूने बोलावे. वनातील चराईचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यात मान्य आहे. त्याचे सामूहिक दावे भरण्यास लिहिता-वाचता येणाऱ्यांनी हातभार लावावा. आणि टंचाईत मादी घेण्याऐवजी पुढच्या हंगामाच्या बोकडांवर योग्य भावाने विसार द्यावा. मेंढपाळाच्या घरात चाऱ्याचे पैसे येतील, आपला मालही पक्का होईल.

गायरान कोणा एकाचे नाही, ती साऱ्या गावाची अमानत आहे. तिच्यावर ज्यांची रोजी चालते, त्यांत आपणही आहोत.