संगणक कक्षाची किल्ली कुणाकडे?

मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका बसथांब्यावर एका मुलीने मला हाक मारली. “सर, ओळखलंत का? शनिवारचा क्लब!” ओळखायला जरा वेळ लागला. काही वर्षांपूर्वी एका हायस्कूलमध्ये मी आणि माझा मित्र, शनिवारची सकाळची शाळा सुटली की, कोडिंग क्लब घ्यायचो. ती तेव्हा नववीत होती. आता बी.कॉम. करते आहे. “आम्ही यायचं बंद केल्यावर तुम्ही मुलांनी क्लब का नाही चालवला?” मी सहज विचारलं. ती म्हणाली, “संगणक कक्षाची किल्ली कुणाकडे मागायची तेच माहीत नव्हतं, सर. आणि मला कुणी विचारलंच नाही.”

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण चूक माझी होती.

तीस मुलं आणि बारा संगणक घेऊन आमचा क्लब सुरू झाला होता. आम्ही फळ्यावर लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची. माउस धीट मुलांच्या हातात आणि मुली मागच्या बाकावर. दिवाळीपर्यंत नऊ जण उरले. मुख्याध्यापक म्हणाले, एखाद्या विद्यार्थ्याला जबाबदारी द्या. मी दहावीतल्या पहिल्या नंबरच्या मुलाला ‘अध्यक्ष’ केलं. जानेवारीत त्याची पूर्वपरीक्षा आली आणि त्याचं येणं थांबलं. पुढे माझी नोकरी बदलली, मित्र बंगळूरला गेला, संगणकांवर पुन्हा आच्छादनं चढली.

त्याच वर्गात ही मुलगी दर शनिवारी आठवीच्या दोघींना शेजारी घेऊन बसायची. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा चुकली की प्रोग्राम अडतो. मी ते तीनदा समजावलं आणि तीनदा माझं बोलणं मुलांच्या डोक्यावरून गेलं. ती त्या दोघींना म्हणाली, “कवायतीत रांग मोडली की सर शिट्टी मारतात ना, तसंच आहे हे.” दोघींना लगेच कळलं. माझ्या क्लबचं नेतृत्व तिथे मागच्या बाकावर बसलं होतं. मी मात्र गुणपत्रिका बघत होतो.

आपल्याकडे हायस्कूलमधल्या कोडिंगची चर्चा यंत्रांपाशी थांबते. यंत्रांची कमतरता खरीच आहे. केंद्र सरकारच्या यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायला सांगितलं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभरात दहा हजार शाळांमध्ये टिंकरिंग लॅब दिल्या आणि प्रत्येक लॅबसाठी वीस लाखांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद केली. पैसा आला तिथे खोली होते, पाटी लागते, उद्घाटनाचा फोटोही निघतो. पण ती खोली पुढच्या शनिवारी कोण उघडणार, हे कुठल्याच अनुदानात लिहिलेलं नसतं.

बाहेरच्या माणसांच्या बळावर चाललेला क्लब त्यांच्या बदलीबरोबर, लग्नाबरोबर, नोकरीबरोबर संपतो. शाळेत सलग काही वर्षं राहणारे असतात ते विद्यार्थीच. म्हणून क्लब सुधारायचा असेल तर तिथून सुरुवात केली पाहिजे.

याचा अनुभव जगात आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुरू झालेला ‘कोड क्लब’ मोठ्या स्वयंसेवकांवर उभा राहिला, कारण त्यातली मुलं लहान होती. अमेरिकेत २०१४ साली झॅक लाट्टा या किशोरवयीन मुलाने ‘हॅक क्लब’ सुरू केला, तो हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठी. तिथे क्लब विद्यार्थीच चालवतात. आठवी-नववीच्या मुलांना दुसरी वाट जास्त जवळची आहे.

आणि ती आपल्याला नवी मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेलने मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडपर्यंत गेली. आपल्यातल्या अनेकांनी मकतबमध्ये हेच पाहिलंय. उस्ताद एकाचा सबक ऐकत असतात तेव्हा कोपऱ्यात पुढे गेलेला मुलगा मागच्याचा सबक पक्का करून घेत असतो.

मग असे विद्यार्थी निवडायचे कसे? माझ्या चुकीतून शिकलेलं सांगतो.

पहिलं, गुण बघू नका आणि निवडणूकही घेऊ नका. गुणांनी हुशार मुलगा मिळतो, निवडणुकीने लोकप्रिय. क्लबला हवा असतो दुसऱ्याला कळेपर्यंत न कंटाळणारा मुलगा किंवा मुलगी. ज्यांना काम करायचंय त्यांना एकच परीक्षा द्या: तुम्हाला येणारी एक गोष्ट एका लहान विद्यार्थ्याला पंधरा मिनिटांत शिकवा. या वेळात माउस कुणाच्या हातात राहतो तेवढं बघा. शिकवणारा स्वतःच टकाटक करून दाखवत असेल, तर तो चांगला प्रोग्रामर होईल, पण क्लब त्याच्या हाती देऊ नका.

दुसरं, एक नको, दोन निवडा. एक नववीतला, एक आठवीतला. दहावीच्या मुलांवर बोर्डाचं ओझं असतं, त्यांना सल्लागार ठेवा. नववीतला पुढे सरकला की आठवीतला तयार असतो, आणि त्याने पुढचा शोधायचा. हे केलं नाही तर क्लब दर जूनमध्ये शून्यापासून सुरू होतो.

तिसरं, दोघांपैकी एक मुलगी असलीच पाहिजे. इथे आपल्याला स्वतःशी खरं बोलावं लागेल. आपल्या वस्त्यांत मुलगी नववीत गेली की शाळेनंतरचा प्रत्येक तास घरी हिशोबात धरला जातो. “क्लबला जाते” एवढं सांगून अम्मीची परवानगी मिळत नाही. पण “क्लबची जबाबदारी माझ्यावर आहे, मुख्याध्यापकांचं पत्र आहे, दोनला सुटतो” असं सांगितलं तर बोलणं तरी सुरू होतं. क्लबची वेळही मुलींना विचारून ठरवा. आणि मुलगी पुढे उभी दिसली की मागच्या बाकावरच्या मुलीही पुढे सरकतात.

चौथं, विद्यार्थ्यांना खरे अधिकार द्या. वर्षभरात काय बनवायचं ते त्यांनी ठरवावं. आम्ही पुस्तकातला गणकयंत्राचा प्रोग्राम करून घेत होतो. मुलांना विचारलं असतं, तर कुणी एसटीचं वेळापत्रक केलं असतं, कुणी आईच्या शिवणकामाचा हिशोब. भाषाही त्यांनाच ठरवू द्या. पायथनमध्ये चलाचं नाव ‘वय’ किंवा ‘उधारी’ असं देवनागरीत ठेवता येतं. वापरणाऱ्याने ‘१४’ असं देवनागरी अंकांत टाइप केलं तरी त्याची संख्या करून बेरीज करता येते. चुकीचा संदेश मात्र इंग्रजीतच येतो, आणि मराठी किंवा उर्दू माध्यमातलं मूल तिथेच घाबरतं. तो संदेश आपल्या बोलीत उलगडून सांगणारा वर्गमित्र कुठल्याही तज्ज्ञाइतकाच मोलाचा असतो. इंटरनेट नसेल तरी अडत नाही. पायथन आणि स्क्रॅच एकदा पेनड्राइव्हवरून बसवले की नेटशिवाय चालतात.

काही शिक्षक विचारतील, मुलांच्या हातात महागडे संगणक कसे द्यायचे? काही बिघडलं तर आम्हीच जबाबदार. ही भीती खोटी नाही. शिक्षकाने शाळेत असावंच, मुलांची सुरक्षितता आणि दुरुस्तीचा खर्च ही मोठ्यांचीच कामं. विद्यार्थी नेते म्हणजे फुकटचे शिपाई नव्हेत. पण किल्ली घेतल्याची नोंद वहीत करून, सही करून, वेळेत परत करणं चौदा वर्षांच्या मुलाला जमतं. त्याच वयाची मुलं आपल्या मोहल्ल्यात दुकानाचा गल्ला सांभाळतात. तेव्हा आपण विश्वास ठेवतोच ना? दुसरी शंका पालकांची: अभ्यास बुडेल. आठवड्याचे दोन तास ठरवून द्या आणि परीक्षेच्या महिन्यात क्लब बंद ठेवा. दुसऱ्याला समजावताना आपलंही पक्कं होतं, हे लहान भावंडांना शिकवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक कॉलेजात असाल, किंवा पहिल्या नोकरीत. समाजासाठी काहीतरी करायचंय, असं तुम्हालाही वाटतं, मलाही वाटायचं. मग आपण जुन्या शाळेत जातो, फळ्यापुढे उभे राहतो, आणि सहा महिन्यांनी नाहीसे होतो. या वेळी थोडं वेगळं करा. पहिले तीन शनिवार शिकवण्याआधी नुसतं बघा. कोण कुणाला समजावतंय, कुणाच्या शेजारी लहान मुलं जाऊन बसतात, कोण काही न बोलता वायर नीट लावून ठेवतं. मग त्यांच्याजवळ जा आणि विचारा, “हा क्लब चालवशील का?” मुख्याध्यापकांसमोर विचारा, म्हणजे नंतर किल्ली मागायला त्यांना संकोच वाटणार नाही.

त्या मुलीची बस आली तेव्हा मी तिला विचारलं, शनिवारी मोकळी असतेस का? ती हसली. “आता विचारताय होय, सर?” म्हणाली, आणि नंबर देऊन बसमध्ये चढली.